अंबादासचा कंगवा

छातीचा एक्स-रे काढायची वेळ आली की आधी कोणीतरी माझा भांग पाडून द्यावा, असं मला अजूनही वाटतं. भांग पाडण्याजोगं डोक्यावर काही उरलेलं नाही, आणि छातीचा नि भांगाचा काडीचा संबंध नसतो हे जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलेल्या माणसाला कोणी सांगायला नको. तरी वाटतं. ही खोड मला अंबादास दासरीने लावली.

अंबादास मला आवडायचा नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे मी त्याचं कौतुक केल्यासारखं वाटलं तर ते माझ्या मनाविरुद्ध झालं आहे असं वाचणाऱ्याने समजावं. मला त्याचा हेवा वाटायचा. त्याच्या केसांचा, कोटाचा, आवाजाचा, आणि एकदा तर त्याच्या चुकीचासुद्धा.

तीस सालाच्या आगेमागेची गोष्ट. सोलापुरात एका शेटजींनी आईच्या नावाने धर्मादाय दवाखाना बांधला होता. त्या दवाखान्यात एक्स-रेचं यंत्र आलं. गाव लोटलं ते बघायला. लोक त्याला बिजलीचा फोटो म्हणत. यंत्र आलं, पण चालवायला माणूस नव्हता. मुख्य डॉक्टर सबनीस साहेब कडक पण सरळ माणूस. त्यांनी दोन उमेदवार घेतले आणि पहिल्याच दिवशी दोघांना समोर उभं करून सांगितलं, "वर्षभर दोघांनी शिकायचं. वर्षाने एकाला मुंबईला पाठवीन, सर्टिफिकेट घेऊन आला की कायमची नोकरी. दुसऱ्याने आपल्या घरी जायचं. मागाहून रुसवेफुगवे नकोत."

दोघांतला एक मी. मोहोळच्या शाळामास्तरांचा मुलगा, इंटर सायन्स, विजेच्या विषयात वर्गात पहिला. माझी निवड झाल्याचं कळल्यावर वडिलांनी बाजाराच्या दिवशी अर्ध्या मोहोळला सांगितलं की मुलगा माणसाच्या आतलं बघायला शिकतोय. उरलेल्या अर्ध्या मोहोळला आईने सांगितलं. तेव्हा घरी परत जायची सोय माझ्यापुरती बंद झाली होती.

दुसरा अंबादास. पूर्व भागातल्या विणकराच्या घरातला, घरात तेलुगू, बाहेर सगळंच. बापाच्या मागावर बसायला नको म्हणून पोरवयातच नव्या पेठेतल्या एका फोटो स्टुडिओत शिरला आणि तिथेच मोठा झाला. फोटोची काचेची प्लेट धुणं, वाळवणं, छापणं त्याला डोळे मिटून येत होतं. वीज म्हणजे काय ते मात्र त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कळत नाही याची खंतही वाटली नाही. साहेब एकदा आमच्या देखत म्हणाले होते, "तुम्हा दोघांना कुटून एक माणूस करता आला असता तर माझा प्रश्न मिटला असता."

पहिल्या दिवशी मी धुतलेलं धोतर आणि साधा कोट घालून गेलो. अंबादास आला तो काळ्या अल्पाकाच्या बंद गळ्याच्या कोटात. बोटात लाल खड्याची अंगठी, केसांना मोगऱ्याचं तेल. काय केस होते. दाट, काळेभोर, मागे वळवलेले, आणि मधून रूळ टाकावा तसा सरळ भांग. लोक खिशाला पेन लावतात तिथे त्याच्या खिशाला शिंगाचा कंगवा होता.

त्या दिवशी एक गाडीवान आला होता. भरल्या गाडीचं चाक पायावरून गेलं होतं आणि घोटा टम्म सुजला होता. मी अंतर मोजलं, किरणांच्या नळीचा कोन लावला, प्लेट पायाखाली सरकवली. सगळी तयारी झाली आणि अंबादास पुढे होऊन त्या गाडीवानाचं पागोटं उतरवून त्याचे केस विंचरायला लागला.

"अहो दासरी, घोट्याचा फोटो आहे," मी म्हणालो.

"असंना की. घोटा काय एकटा आलाय व्हय?" तो कंगव्यावरून नजर न काढता म्हणाला. "फोटो माणसाचाच असतो, पंत."

मी वयाने त्याच्याहून लहान, पण तो मला पहिल्या दिवसापासून पंत म्हणायचा. त्यात आदर किती आणि चेष्टा किती याचा हिशेब मला कधी लागला नाही. गाडीवानाचा भांग पाडून झाला, मिशी सारखी करून झाली, आणि मघापासून विव्हळणारा तो माणूस लग्नातल्या फोटोला बसावा तसा ताठ बसला. प्लेट अशी स्वच्छ आली की घोट्यातली चीर लांबून दिसावी. कोन मी लावला होता, अंतर माझं होतं. साहेब प्लेट उजेडाला धरून म्हणाले, "वा, दासरी."

तेव्हा यंत्रात एवढा जोर नसे. बटण दाबलं आणि झालं, असं नव्हतं. माणसाला बराच वेळ दगडासारखं बसावं लागे, आणि छातीचा फोटो असेल तर तेवढा वेळ श्वास धरून. तो जरा हलला, खोकला, कुठे खाजवलं, की प्लेटवर हाडाला हाड जोडून दुसरं हाड दिसे. माझी माणसं हलत. मी त्यांना आधी सगळं समजावून सांगत असे. किरण कसे निघतात, कातडीतून कसे जातात, हाडाला कसे अडतात. घाबरू नका, दुखत नाही, चटका बसत नाही, जळत नाही, हेही सांगत असे. जळण्याचा विचार तोवर त्या बिचाऱ्याच्या मनात नसे. माझं ऐकून तो विचार यायचा आणि नळी कडकडायला लागली की माणूस दचकायचाच.

अंबादास काहीच समजावत नसे. तो आधी माणसाकडे नुसता बघायचा आणि नेमकी त्याची भाषा काढायचा. विणकराच्या बाईला "कदलोद्दम्मा" म्हणायचा, अक्कलकोटकडून आलेल्या म्हाताऱ्याला "अलुगाडब्याड यजमाना", बेगमपेठेतल्या कोणाला "हिलो नक्को चाचा, दम पकडो". अर्थ सगळ्यांचा एकच, हलू नका. मग स्वतः समोर उभा राहून छाती भरून घ्यायचा. "तुमी एकट्यानं धरायचा न्हाय. दोघं मिळून धरू." आणि खरोखर धरायचा. नळी बंद होईपर्यंत त्याचे डोळे समोरच्याच्या डोळ्यांत. दिवसभर अशी किती माणसं यायची, तेवढ्या सगळ्यांबरोबर हा श्वास धरायचा. मीही करून पाहिलं. माझ्यासमोरची बाई माझं फुगलेलं तोंड बघून हसली आणि प्लेट वाया गेली.

दागिन्यांचं तर विचारूच नका. धातूची सावली पडते म्हणून अंगावरचं सगळं उतरवावं लागे. बांगड्या बायका कुरकुरत काढत, पण छातीचा फोटो म्हटला की गळ्यातलं मंगळसूत्र आडवं यायचं. नवरा जिवंत असताना ते उतरवणार कोण? एका बाईशी मी शास्त्राधाराने वाद घातला. तिने सगळं ऐकून घेतलं, पदर डोक्यावर घेतला आणि खोकत खोकत निघून गेली. साहेबांनी मला बोलावून चांगलं झापलं. अंबादासने तिला फाटकापाशी गाठून परत आणली आणि म्हणाला, "आक्का, काढू नगा. गळ्यातनं सोडा आणि तसंच मनगटाला गुंडाळून गाठ मारा. अंगावरच हाय की. नवऱ्याला काय व्हत न्हाय." बाईने भिंतीकडे तोंड करून ते मनगटाला गुंडाळलं. पुढे आमच्याकडे तीच रीत पडली, आणि दवाखान्यातल्या नर्ससुद्धा "दासरींची गाठ मारा" असं म्हणू लागल्या. वर्षभर राबून माझ्या नावाची एवढीशी गाठही त्या दवाखान्यात पडली नाही.

एका बाबतीत मात्र मी त्याच्यापुढे होतो असं मला तेव्हा वाटायचं, म्हणजे माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला वाटत नव्हतं. काम सुरू करण्याआधी नळीचा जोर बघावा लागे. अंधारात हिरवट चमकणारा एक पडदा असायचा. त्याच्या नि नळीच्या मध्ये हाड धरायचं आणि ते किती काळं उमटतं यावरून जोर ओळखायचा. बहुतेक ठिकाणी ऑपरेटर आपलाच हात धरत. सबनीस साहेबांनी शिशाचे जाड हातमोजे आणून ठेवले होते आणि उगाच हात घालू नका म्हणून बजावलं होतं. मी भित्रा माणूस. मी शिपायाला सांगून खाटकाकडून बोकडाच्या पायाचं हाड आणवलं, फडक्याच्या पिशवीत शिवलं आणि दोरीने पडद्यामागे टांगू लागलो. हे कळल्यावर अंबादास इतका हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "बामनाच्या पिशवीत बोकडाचं हाड. मोहोळात कळवू का पंत?"

तो स्वतः हातच धरायचा, आणि मोजे खिळ्याला टांगलेले. मोज्यात घाम येतो, असं तो म्हणायचा. खरं कारण वेगळं होतं. मोज्यात अंगठी दिसत नसे. दवाखाना बघायला कोणी बडा माणूस आला की अंबादास खोली अंधारी करायचा, पडद्यामागे हात धरायचा आणि बोटं हळूहळू हलवायचा. पडद्यावर हाडांची पाच बोटं, आणि त्यातल्या एका हाडाभोवती कशालाच न टेकता तरंगणारी अंगठी. बायका "अगं बाई" म्हणायच्या. शेटजी स्वतः पाहुण्यांना घेऊन यायचे आणि म्हणायचे, "दासरी, जरा तुमचा हात दाखवा." माझं बोकडाचं हाड कोणी पाहायला मागितलं नाही.

हे सगळं मी गिळलं असतं, पण पुढे माझ्या आईची पाळी आली. तिची कंबर धरली होती. पोरगा त्याच कामाला आहे म्हटल्यावर वडील तिला मोहोळहून घेऊन आले. हा फोटो मी काढणार, असं मी अंबादासला बजावून सांगितलं. तो म्हणाला, "काढा की, आई तुमची हाय." मी सगळं मन लावून केलं. आई हलली. पुन्हा केलं. पुन्हा हलली. "अरे, तू असा कपाळाला आठ्या घालून बघतोस, मला वाटतं माझं काही खरं नाही," ती म्हणाली. वडील बाहेर येरझाऱ्या घालत होते. अंबादास दारात उभा होता. त्याने मला विचारलं नाही. कंगवा काढला आणि आत आला.

"आई, लेकाकडं बघायचं न्हाय. तो मास्तर हाय, परीक्षा घेतोय. माझ्याकडं बघा." त्याने तिच्या कानशिलावरचे पांढरे केस मागे सारले, पदर नीट केला. "मोहोळात अजून तुमच्यासारकं कोण दिसाय बरं न्हाय, काय?" आई लाजली. माझ्या उभ्या आयुष्यात मी आईला लाजताना तेवढंच एकदा पाहिलं. मग दोघांनी मिळून श्वास धरला. कमरेच्या फोटोला श्वासाची तेवढी गरज नसते, पण धरला.

प्लेट आरशासारखी आली. साहेबांकडून मागून ती आईने घरी नेली आणि लुगड्यांच्या पेटीत सगळ्यात वर ठेवली. कोणी आलं की उजेडाला धरून दाखवायची. "हे माझं माकडहाड. अंबादासनं काढलंय हो." बटण मी दाबलं होतं, हे तिला मी पुष्कळदा सांगितलं. ती म्हणायची, "हो रे, दाबलं असशील."

वर्ष सरत आलं आणि मग मला माझी संधी मिळाली, असं वाटलं.

होटगीकडचा एक गिरणी कामगार खोकल्यासाठी आला होता. त्याच्या छातीची एक प्लेट मी काढली आणि एक अंबादासने. साहेबांनी तसं ठरवूनच दिलं होतं, दोघांचं काम शेजारी ठेवून बघायला. माझी हलली. फासळ्यांवर फासळ्या आल्या आणि साहेबांनी ती टाकाऊ प्लेटांच्या पेटीत टाकायला सांगितली. अंबादासची नेहमीप्रमाणे स्वच्छ. ती बघून साहेबांनी कामगाराला सांगितलं, "छाती साफ आहे, औषध घे आणि कामावर जा." तो हात जोडून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाळलेल्या प्लेटा आवरत होतो. अंबादासची ती प्लेट खिडकीपाशी तिरकी धरली आणि वरच्या बाजूला, उजव्या फुप्फुसाच्या जागी, मला एक बारीकशी चकाकी दिसली. जवळ नेऊन पाहिलं. शिसपेन्सिलीची होती. टोकदार पेन्सिलीने एवढे बारीक ठिपके दिले होते की समोरून धरल्यावर काही कळू नये. मी सुईने एक ठिपका हलकेच खरवडला आणि खालून पांढरा डाग निघाला. काळ्या फुप्फुसात पांढरा डाग म्हणजे काय ते आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं.

कसं झालं ते मला लगेच कळलं. स्टुडिओत प्लेट धुताना बुडबुडा चिकटला की तिथे पांढरा डाग राहतो. मग फोटोवाले पेन्सिल घेऊन तो डाग भरतात. गिऱ्हाइकाच्या गालावर डाग राहिला तर गिऱ्हाईक पैसे देत नाही. अंबादासने आयुष्यभर तेच केलं होतं. सुंदर प्लेटवर डाग बघवला नाही आणि त्याचा हात आपसूक पेन्सिलीकडे गेला. आणि तो कामगार साफ छाती घेऊन पुन्हा गिरणीच्या कापसाच्या धुळीत उभा राहायला निघाला होता.

मला काय वाटलं ते सांगतो. त्या कामगाराची आठवण मला मागाहून झाली. आधी झाला तो आनंद. इतका आनंद मला मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा झाला नव्हता. मी प्लेट रुमालात गुंडाळली आणि साहेबांच्या खोलीकडे निघालो. धावलो नाही, कारण प्लेट काचेची होती.

दार उघडंच होतं. आत अंबादास उभा होता. कोट नव्हता, केस विस्कटलेले. त्याला तसं मी कधी पाहिलं नव्हतं. साहेब मान खाली घालून ऐकत होते.

"हात चुकला सायेब," तो सांगत होता. "बुडबुडा वाटला मला. डाग भरायची सवय हाय, हात गेला. आज पेटीतली पंतांची प्लेट बघितली. हललेली हाय, पण त्याच जाग्याला त्यात बी डाग हाय. बुडबुडा दोन प्लेटांत एकाच जाग्याला कसा येईल?" त्याच्या हातात माझी प्लेट होती.

साहेबांनी मान वर केली आणि मला दारात पाहिलं. "कुलकर्णी, तुझ्या हातात काय आहे?"

"दासरींची प्लेट," मी म्हणालो.

"आणि याच्या हातात तुझी. ठेवा दोन्ही टेबलावर."

आम्ही ठेवल्या. वर्षभरात माझी एकच प्लेट कामाला आली, ती हललेली, आणि तीही त्यानेच साहेबांपुढे नेली. साहेब रागावले, पुष्कळ रागावले. "तू माणसाच्या छातीवर चित्र काढलंस, दासरी," असं ते म्हणाले. शेवटी साहेबांनी हात पुढे केला. "ती पेन्सिल इकडे." अंबादासने कानामागची पेन्सिल काढून दिली. साहेबांनी ती आपल्या दौतीशेजारी ठेवली आणि म्हणाले, "आता तो माणूस शोधून आण."

तो तिथूनच स्टेशनवर गेला आणि संध्याकाळच्या गाडीने त्या कामगाराला होटगीहून घेऊन आला. पुढे साहेबांनी चिठ्ठी देऊन त्याला क्षयाच्या दवाखान्यात पाठवलं, आणि पंधरवड्यात त्याला उतार पडल्याचं कळलं. त्याच्या घरच्यांनी पेढे आणून दिले ते अंबादासला. त्याने त्यातला एक मला आणून दिला. "घ्या पंत, तुमच्याच प्लेटचा हाय." मी खाल्ला. गोड लागला नाही.

महिन्याभराने साहेबांनी मला एकट्याला बोलावलं. काय सांगणार ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तुझं गणित चुकत नाही, कुलकर्णी. यंत्र तुला त्याच्यापेक्षा जास्त कळतं. पण माणूस तुझ्यासमोर हलतो."

"आणि पेन्सिल?" मी विचारलं. विचारायला नको होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. "त्यांनी डाग भरला, साहेब."

"भरला. आणि सांगायला तुझ्याआधी आला." त्यांनी दौतीशेजारची ती पेन्सिल सरळ केली. "तू काय सांगायला आला होतास ते मी विचारलं नाही."

अंबादास मुंबईला गेला. त्याला पोचवायला स्टेशनवर नर्स, शिपाई, त्याचे सगळे विणकर सोयरे, हार, तुरे. मीही गेलो, कारण न जाणं फार दिसलं असतं. मग मी माझी वळकटी आणि बोकडाचं हाड घेऊन मोहोळला आलो. वडिलांनी मला एक शब्द विचारला नाही. बाजाराच्या दिवशी माझ्यासोबत चालताना कोणी विचारलं की म्हणायचे, "इथल्या शाळेला विज्ञानाचा मास्तर हवा होता. फार मागे लागले, म्हणून आला." शाळा मागे लागली नव्हती. वडील लागले होते.

नंतरची आठ-नऊ वर्षं मी त्याला भेटलो नाही. त्याच्या बातम्या यायच्या. सोलापूरहून आलेला कोणीही म्हणायचा, दासरींनी फोटो काढला, काय माणूस आहे. मी विषय बदलायचो.

मग मलाच खोकला लागला. जाईना. खडूमुळे असेल असं मी म्हणत होतो, पण आईने ऐकलं नाही. "अंबादासकडेच जा," ती म्हणाली.

दवाखान्यात रांग होती. रांगेत प्रत्येकाचे केस विंचरलेले होते, त्यावरून तो अजून आहे हे कळलं. पण कंगवा रांगेतूनच या हातातून त्या हातात फिरत होता. अंबादास दारात उभा राहून "घ्या मामा, तुमीच फिरवा" असं सांगत होता. तोच अल्पाकाचा कोट, आता जरा विटलेला. दोन्ही हातांत पांढरे सुती मोजे.

मला बघून तो ओरडला नाही, मिठी मारली नाही. "पंत," म्हणाला, आणि रांग सोडून मला आत घेतलं. नळी आता एक नवा मदतनीस लावायचा. अंबादास नुसता समोर उभा राहायचा. त्याने छाती भरून घेतली. "दोघं मिळून धरू." मी धरला. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्या यंत्राच्या दुसऱ्या बाजूने कळलं की हा माणूस समोर असताना हलावंसं वाटतच नाही. तेही मला आवडलं नाही.

प्लेट वाळल्यावर त्याने मदतनीसाला ती माझ्यापुढे धरायला सांगितली. छाती साफ होती. मी सवयीने ती खिडकीकडे नेऊन तिरकी धरली. अंबादास हसला.

"पेन्सिल सायेबांकडंच हाय, पंत. आणि असती तरी." त्याने दातांनी उजव्या हाताचा मोजा ओढून काढला.

दोन बोटं नव्हती. उरलेली वाळलेल्या शेंगेसारखी, सुकलेली, नखं काळी, कातडीला भेगा. डाव्या हाताचंही सुरू झालंय, असं तो म्हणाला. डॉक्टर म्हणतात थांबवू, बघू. "पयलं अंगठीचंच गेलं," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. पूर्वी हात दाखवायचा त्याच सहजपणे त्याने तो मला दाखवला आणि पुन्हा मोजा चढवू लागला. ते त्याला एकट्याने जमेना. मी चढवून दिला.

"ते बोकडाचं हाड हाय का हो अजून?" त्याने विचारलं.

"आहे. शाळेत टेबलावर."

"ठेवा." एवढंच म्हणाला.

माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते. कुठे ठेवावेत ते मला समजेना. ज्या नोकरीसाठी मी या माणसावर इतकी वर्षं जळलो, तिने त्याच्याकडून काय घेतलं ते समोर दिसत होतं. मी त्याच्या जागी असतो तर माझी बोटं शाबूत राहिली असती, एवढी मला खात्री होती. आणि रांगेतली माणसं अशी विंचरून बसली नसती, याचीही.

बाहेर कोणीतरी आलं. शेटजी पाहुण्यांना घेऊन येत होते, यंत्र दाखवायला. अंबादासने खिडकीच्या काचेत पाहिलं. सकाळपासूनच्या धावपळीत त्याचे केस कपाळावर आले होते.

"बायको सकाळी पाडून देती भांग," तो म्हणाला, "दुपारपतुर टिकत न्हाय." मग दारातून रांगेतला कंगवा मागवून घेतला, मला तो धोतराला पुसायची खूण केली आणि स्टुलावर बसला. "पंत, जरा काढा की. हातासरशी."

मी उठलो. आतापर्यंत मी दुसऱ्या माणसाच्या डोक्याला कंगवा लावलेला नव्हता. "हलू नका," मी म्हणालो. तेच, पूर्वी मी सगळ्यांना म्हणायचो त्याच आवाजात.

त्याने डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि श्वास धरला. मी कपाळाच्या मधून कंगवा मागे नेला, पुन्हा नेला, दोन्ही बाजू बसवल्या. वेळ लागला. तो तसाच बसला होता. त्या खोलीत माझ्यासमोर अजिबात न हललेला तो पहिला माणूस.

भांग सरळ आला. केस अजून तितकेच दाट होते, आणि एकही पांढरा नव्हता.